मुका खांब

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचे वर्णन ग्वाल्हेरकरांपुढे करणे म्हणजे काशीत राहणाऱ्याला गंगा दाखविणे होय. तेव्हा लू, नौतपा आणि पंचेचाळीसच्या पुढे सरकणारा पारा यांविषयी आम्ही काही लिहीत नाही. एवढेच म्हणतो की, एप्रिलच्या मध्यापासून पावसाची पहिली सर येईपर्यंत या शहरात दुपार नावाचा एक स्वतंत्र ऋतू असतो. शिंदे सरकारांनी त्यावर तोड काढली होती. उन्हाळ्यात दरबार शिवपुरीस हलत असे. प्रजेला शिवपुरी नव्हती. तिने दारे लावून घेतली, खसाच्या ताट्यांवर पाणी मारले आणि सकाळी अकरापासून सायंकाळी पाचपर्यंत अंधाऱ्या माजघरात मुक्काम ठोकला. पुढे ताट्या गेल्या, कूलर आले. कूलरला वीज लागते आणि वीज ऐन मे महिन्यातच रुसते, हा भाग वेगळा. दुपार मात्र होती तशीच राहिली.

या दुपारी पुरुष झोपतात आणि बायका विणतात, असे आमचे बालपणापासूनचे निरीक्षण आहे. दौलतगंज, जीवाजीगंज, जनकगंज या भागांतल्या जुन्या मराठी वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना ते दृश्य निराळे सांगायला नको. दाराच्या फटीतून आलेली उन्हाची एक तिरीप, त्या तिरिपेच्या कडेला सरकवलेला पाट, तांब्यात ठेवलेले दोऱ्याचे रीळ आणि क्रोशाची सुई. रीळ तांब्यात ठेवायचे, म्हणजे ते घरंगळत पलंगाखाली जात नाही व मांजराच्या तावडीत सापडत नाही. घामाने दोरा मळू नये म्हणून बोटांना पावडर लावलेली असे. मुली सुटीत मण्यांची तोरणे, टॅटिंग, गोधडीचे टाके असे काहीबाही शिकत. परंतु राज्य क्रोशाचे. देव्हाऱ्याचा पडदा, चौरंगावरचा रुमाल, रेडिओची आणि पुढे दूरदर्शन संचाची झूल, लग्नाच्या रुखवतातला टेबलक्लॉथ, सारे त्या तिरिपेत जन्माला आले. दुधाच्या पातेल्यावरचे मणी लावलेले झाकण हे तर खास उन्हाळ्याचेच अपत्य. जाळीतून हवा खेळते, माशी आत शिरत नाही, आणि कडेच्या मण्यांच्या वजनामुळे कूलरच्या वाऱ्यातही ते जागचे हलत नाही.

विणकाम म्हटले की लोकांना लोकर आठवते. लोकर आमच्याकडे हिवाळ्याची. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर ऊन खात, मटार सोलता सोलता सलाया चालतात. उन्हाळ्यात लोकर हातात धरवत नाही. सुती दोऱ्याचे तसे नसते. आणि क्रोशाचा दोरा तर विशेष सुती. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली. तेव्हा सूत बळकट होते व रंग चांगला धरते, असे त्याच्या ध्यानात आले. पुढे १८९० मध्ये होरेस लो याने हीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली आणि त्याला रेशमासारखी चमक आली. मर्सराइज्ड हा शब्द रिळाच्या कागदावर आपण वाचतो तो यांच्यामुळे. त्याच कागदावर एक आकडाही असतो, आणि त्याचे गणित उलटे आहे. दहा नंबरचा दोरा जाड, चाळीस नंबरचा बारीक. नवख्या माणसाचा येथे गोंधळ होतो. आम्हां सरकारी माणसांना ते लगेच उमजले. आमच्याकडेही श्रेणीचा आकडा जितका लहान, तितका इसम वजनदार.

आम्ही बासष्टाव्या वर्षी राज्य शासनाच्या लेखाविभागातून निवृत्त झालो. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, वीज गेलेल्या एका दुपारी, आम्ही वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेत बसलो असता सौ.ने काही काळ आमच्या हातांकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, हात हलवायचेच आहेत तर यावर हलवा." एक सुई व अर्धे रीळ आमच्या पुढ्यात आले. त्या दुपारी आम्ही हातभर साखळी घातली. छंद म्हणून जे काही असते ते आमच्या आयुष्यात अशा रीतीने, विजेच्या कृपेने, प्रवेश करते झाले.

सकाळच्या फेरीतल्या मित्रमंडळींना हे कळल्यावर "भाईसाहब, बस यही बाकी था?" असा प्रश्न झाला. वस्तुतः यात हसण्यासारखे काही नाही. सोळाव्या शतकात युरोपातल्या शहरांत हातविणकाम करणाऱ्यांचे संघ होते, ते पुरुषांचे होते. वर्षानुवर्षे उमेदवारी करून, एखादा उत्कृष्ट नमुना पंचांपुढे ठेवल्याखेरीज तेथे कोणाला उस्ताद म्हणवून घेता येत नसे. कबीर तर मागावरच बसत. आपल्या चंदेरीला मागावर पिढ्यान् पिढ्या पुरुष बसत आले आहेत; ग्वाल्हेर दरबाराने १९१० साली तेथे वस्त्रोद्योगाचे प्रशिक्षण केंद्र काढले ते याच विणकरांसाठी. पुरुषाने माग चालविला तर तो विणकर, आणि त्याच घरात जी बाई त्याच्यासाठी कांड्या भरते ती घरीच असते, अशी आपल्याकडे बोलण्याची रीत आहे. या रीतीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

आधी शब्दांविषयी. क्रोशे हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहानसा आकडा. परंतु मराठी बायकांनी सुई तेवढी परक्यांची घेतली आणि टाक्यांचे बारसे स्वतः केले. एकातून एक ओढलेल्या घरांची ती साखळी. साखळीच्या घरात सुई घालून दोरा ओढला व सुईवरच्या दोन्ही घरांतून एकदम बाहेर काढला की झाला मुका खांब. सुईवर आधी एक वेढा घेऊन तेच काम दोन खेपांत केले की उभा राहतो तो नुसता खांब. मुका खांब बुटका असतो. नक्षीत त्याला स्थान नाही. फुले, पाने, मोर यांत तो दिसत नाही. पण रुमाल पुरा झाला की कडेने त्याचीच ओळ घालावी लागते, नाहीतर सारी नक्षी ओघळते. गंमत अशी की या टाक्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि इंग्लंडात डबल क्रोशे. एकच पुस्तक दोन्ही देशांत वाचले तर दोन निराळे रुमाल व्हावेत. आमची पुण्याची नात मे महिन्यात येथे येते. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून विणताना या सिंगल-डबलच्या घोळात तिचे फूल मध्येच अडले. सौ.ने जवळ जाऊन पाहिले आणि म्हणाली, "अगं, हा मुका खांब आहे." काम सुरळीत झाले. नातीने तो शब्द वहीत उतरवून घेतला.

शेजारच्या भाभी हिंदीभाषक. त्या 'क्रोशिया' म्हणतात, टाक्याला 'फंदा' म्हणतात. सौ. त्याच टाक्याला 'घर' म्हणते. दोघी एकाच रुमालावर तासन् तास बोलतात आणि कोणाचेही काही अडत नाही. शेदोनशे वर्षे हिंदीच्या शेजारी राहून आपल्या घरांतली मराठी आता स्वयंपाकघर आणि देवघर एवढ्यापुरती उरली आहे, अशी तक्रार आपल्या बैठकांत नेहमी होते. तिसरी जागा विणकामाच्या पिशवीची आहे, अशी नोंद आम्ही येथे करून ठेवतो. सलाई हा शब्द मात्र आम्ही हिंदीकडून घेतला आहे. पुण्याचे पाहुणे त्याला सुईच म्हणतात आणि आम्हांला सुधारतात. आम्ही सुधारत नाही.

या कामात हिशेब असतो, हे आमच्यासारख्याला मोठे सुख. वर्तुळ सपाट यावे असे वाटत असेल तर पहिल्या फेरीत बारा खांब घालावेत, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस. म्हणजे प्रत्येक फेरीत बारांची भर. भर कमी पडली की कडा वर उचलल्या जातात आणि वाटी होते. तान्ह्या मुलाचे टोपडे असेच होते: डोक्याच्या घेरापर्यंत वाढवीत न्यायचे आणि मग वाढ थांबवायची. भर जास्त झाली तर कडेला झालरीसारख्या चुण्या पडतात. या चुण्यांत भूमितीचा एक जुना प्रश्न दडलेला होता. ज्या पृष्ठावर युक्लिडचे समांतर रेषांचे गृहीतक लागू पडत नाही, असे हायपरबोलिक पृष्ठ हाताळून पाहता येईल अशा रूपात कसे करावे, ही गणितज्ञांची अडचण होती. कागदाच्या पट्ट्या चिकटवून ते करीत, पण ते फाटे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना तैमिना या मूळच्या लॅटव्हियातील गणितज्ञ बाईंनी ते क्रोशाने विणून दाखविले. दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवीत जायचे, एवढीच युक्ती. आमच्या वाड्यांतल्या बायका झालरीच्या पडद्यासाठी तेच करीत होत्या. त्यांना कोणी गणित म्हटले नाही, आणि तसा त्यांचा आग्रहही नव्हता.

पण ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती निराळीच. दोन सलायांच्या विणकामात सगळी घरे एकाच वेळी सलाईवर जिवंत असतात. सलाई सुटली की शंभर घरे सुटतात. म्हणून ओळ मध्येच टाकून उठणे जोखमीचे. क्रोशात एका वेळी एकच घर उघडे असते. बाकी सारी मिटलेली. ते एक घर जरा लांब ओढून ठेवले की सुई काढून कोठेही ठेवावी, कोठेही जावे, तासाभराने परत यावे. आम्ही हा गुण यंत्रविशेष म्हणून सौ.ला समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "म्हणून तर आम्ही दुपारी हे घेतो. ते मधेच सोडून उठता येत नाही. हे येतं."

त्यानंतर आम्ही दुपारींकडे नीट पाहू लागलो. नोकरीत आमचा वेळ सलग असे. साहेब बैठकीत आहेत, म्हटले की दार बंद. फाइल वाचून होईपर्यंत चहादेखील दाराबाहेर थांबे. घरातली दुपार तशी नसते. बारा ते पाच या वेळात दूध उतू जाते, गॅसवाला येतो, गच्चीवरच्या कुरडया उलटायच्या असतात, कूलरमधले पाणी संपते, शेजारचे पोर कैरी मागायला येते, कोणाला तरी पन्हे हवे असते. ते कोणीतरी बहुधा आम्हीच असतो. आम्ही एकदा घड्याळ लावून मोजले: तीन तासांत सौ. नऊ वेळा उठली. त्या नऊ तुकड्यांच्या मधल्या सांदीत तिची दोन फुले पुरी झाली. ज्याला आपण बायकांचा दुपारचा विरंगुळा म्हणतो, तो या सांदीच्या मापाने बेतलेला आहे. टाका लहान आहे, कारण सांद लहान आहे.

आमच्या घरी एक आत्या असत. त्यांना विसाव्या वर्षी वैधव्य आले, त्या माहेरी परत आल्या आणि आयुष्यभर आमच्याच वाड्यात राहिल्या. "ती रिकामी बसत नाही, काहीतरी विणत असते," असे घरात त्यांच्याविषयी कौतुकाने म्हटले जाई. त्यांच्या पश्चात त्यांची ट्रंक आमच्याकडे आली. तिच्या तळाशी अर्धवट रुमालांच्या खाली एक वही निघाली. निवृत्तीनंतर ती आम्ही प्रथमच बैठक मारून वाचली. ती हिशेबाची वही होती, आणि आमचे आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेले. वही निर्दोष होती. तारीख, कोणासाठी, दोरा कोणाचा, मजुरी, आणि शेवटच्या रकान्यात पैसे कशाला गेले. लष्करातल्या सुखवस्तू घरांतून मुलींच्या रुखवतासाठी कामे येत. १९७६ च्या उन्हाळ्यातली एक नोंद अशी: मोठा टेबलक्लॉथ, बारा गुणिले नऊ फुले, दोरा त्यांचा, मजुरी पस्तीस रुपये. शेवटच्या रकान्यात दोन शब्द, 'बाळूचा फॉर्म'. बाळू आम्हीच. त्या वर्षी आमची हायर सेकंडरीची परीक्षा होती.

सवय जात नाही. आम्ही त्याच नमुन्याचे एक फूल सौ.कडून करवून घेतले आणि वेळ पाहिला. उठबस वगळून दीड तास. एकशे आठ फुलांचे एकशे बासष्ट तास झाले. फुले जोडण्याचे आणि कडेच्या मुक्या खांबांचे तास त्यात धरले नाहीत. पस्तीस रुपयांना एकशे बासष्टांनी भागले असता तासाला बावीस पैसे पडतात. आमच्या नोकरीत 'व्यवसाय' या रकान्याचे असंख्य नमुने नजरेखालून गेले आणि त्यांत बायकांच्या नावापुढे 'गृहिणी' लिहून कारकून पुढे सरके. आत्यांच्या नावापुढे काही लिहायची वेळ आली असती तर तेही लिहिले गेले नसते.

हे आमच्याच वाड्यातले होते, असे नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी त्या भागात क्रोशाची लेस शिकविली आणि तिचा पुढे परदेशांशी मोठा व्यापार झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथे राहून अभ्यास केला व १९८२ मध्ये 'नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायका' या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या सांगण्याचा इत्यर्थ असा की, दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या बायका व्यापाऱ्यांच्या, घरच्यांच्या आणि सरकारच्याही लेखी घरी बसलेल्या गृहिणी होत्या. त्यांचे काम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग. वेळ फावला ठरला की मजुरी द्यावी लागत नाही, किंवा नाममात्र द्यावी लागते. या नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. आयर्लंडातही १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाच्या लेसने अनेक घरांची चूल पेटती ठेवली. ननांनी मठांतून ती शिकविली होती. श्रीमंतांच्या गळपट्ट्यांत ती लेस मिरवली.

हे वाचून कोणी आम्हांला विचारील की, मग तुम्ही हौसेने हे कशाला करता? करतो, कारण सुख होते. कूलरची घरघर, दोऱ्याचा बोटावरचा ताण, एक-दोन-तीन-साखळी असा मनातल्या मनात चाललेला जप, आणि पाच वाजता दार उघडताना मांडीवर सकाळी नव्हती अशी एक वस्तू. निवृत्त माणसाला हे फार मोठे. पण आमच्या सुखात आणि आत्यांच्या वहीत जो फरक आहे तो टाक्याचा नव्हे. आम्ही केव्हाही थांबू शकतो, आणि आम्ही उठलो नाही तरी दूध उतू जात नाही, कारण दुसरे कोणी उठते.

गेल्या वर्षी येथल्या एका महिला मंडळाने हस्तकलांचे प्रदर्शन भरविले होते. सौ.ने एक टेबलक्लॉथ ठेवला. किमतीची चिठ्ठी लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही तास, दोरा आणि मजुरीचा आजचा दर धरून आकडा काढला, तो पाहून सौ. हसली. "एवढे कोण देणार?" असे म्हणून तिने स्वतः सहाशे रुपये लिहिले. दुपारी एक बाई आल्या, सुशिक्षित, बोलायला गोड. त्यांनी वस्त्र उलटून पालटून पाहिले, काम फार सुंदर असल्याचे सांगितले आणि विचारले, "दोरा कितीचा लागला?" दोनशेच्या आसपास, असे सौ.ने सांगितले. "मग तीनशेला द्या ना. वेळ तर घरचाच असतो."

सौ. वाद घालणाऱ्यांपैकी नव्हे. तिने वस्त्राची घडी घातली, चिठ्ठी काढून ठेवली आणि "विकायचा नाही हो हा," असे म्हणून ते पिशवीत ठेवले. घरी येताना रिक्षात ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र एवढेच म्हणाली की, तुमचा तो पहिला आकडा कागदावर लिहून ठेवा.

आत्यांच्या वहीची शेवटची तेवीस पाने कोरी होती. त्या आकड्यापासून आम्ही तीच पाने वापरू लागलो आहोत. रकाने आत्यांचेच ठेवले, एक नवा आखला. या उन्हाळ्यातली एक नोंद येथे उतरवितो: १४ मे. चौरंगाचा रुमाल, नातीसाठी. फुले दोन. वेळ दोन तास दहा मिनिटे. खंड सात: दूध, गॅसवाला, कुरडया, कूलरचे पाणी, भाभी, पन्हे, पुन्हा पन्हे.